साडेअकरा फुटांचा मांडव

पाईपमावशी कुणाच्याही लग्नाला गेली की आधी नवरा-नवरीकडे बघायची नाही. ती थेट कोपऱ्यातल्या खांबाशी जायची, पदर खोचायची, खांबाला दोन्ही हातांनी धरायची आणि गदागदा हलवायची. मांडव तिचा असो की दुसऱ्याचा. वरचं कापड थरथरायचं, झुंबरं किणकिणायची आणि वऱ्हाडातली नवखी माणसं घाबरून वर बघायची. खांब जागचा हलला नाही की मगच मावशी पिशवीतून आहेराचं पाकीट काढायची. एकदा एका नवरदेवाच्या आत्याने मला विचारलं, "ह्या बाई कोण हो? अंगात आलंय का ह्यांच्या?" मी म्हटलं, "नाही आत्या, त्या अशाच अक्षता टाकतात."

कर्जतजवळ दहिवलीला तिचं मंडपाचं गोदाम. नवरा आचारी. हजार माणसांचा भात तो हसतखेळत उतरवायचा, पण गोदामात पाऊल टाकायचं तर बायकोला विचारून. "चूल माजी, लोखंड तिचं," असं तो अभिमानाने सांगायचा. मी तेव्हा साजगावच्या एका कारखान्यात पाळीवर होतो आणि सुट्टीच्या दिवशी बारशी, साखरपुडे असली किरकोळ मांडवाची कामं घ्यायचो. म्हणून मावशी मला कायम 'ड्यूटीवाला' म्हणायची. पुढे मी नोकरी सोडली, धंदा वाढवला, केस पिकले, तरी तिच्या तोंडी मी ड्यूटीवालाच राहिलो. तिचं स्वतःचं खरं नाव सुमन. आमच्यापैकी निम्म्यांना ते कळलं ते चौकात तिच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला तेव्हा.

आज कर्जत आणि खालापूर ह्या दोन तालुक्यांत कुणाचाही आडवा पाईप कुणाच्याही खांबात बसतो. नव्या पोरांना वाटतं, जगाच्या सुरुवातीपासून हे असंच आहे. तसं नव्हतं. पूर्वी ज्याचं त्याचं माप वेगळं होतं. कुणाचे पाईप दहा फुटी, कुणाचे चौदा, कुणाच्या खांबाला वर कडी, कुणाच्या खांबाला नुसती खाच. आणि मुहूर्त तर सगळ्यांना एकच. वैशाखातला चांगला दिवस आला की प्रत्येकाला पाईप कमी पडायचे आणि मग उसनवारी सुरू व्हायची. आणलेलं एकमेकांत बसायचं नाही, म्हणून काथ्याने आवळून बांधायचं. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी त्या मांडवांची अवस्था असायची.

खालापूरकडच्या एका गावात असाच तिघांच्या सामानाचा मांडव मावशीने घातला होता. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि डोंगराकडून दुपारचा वारा सुटला. काथ्या सुटला आणि एका अंगाचा मांडव कलू लागला. मावशीने धावत जाऊन कोपऱ्यातला खांब पाठीवर घेतला. शेवटचं मंगलाष्टक होईपर्यंत ती तशीच पाय रोवून उभी होती, तोंडाने भटजींना म्हणत होती, "आवरा वो महाराज, आवरा जरा!" कुणाला काही लागलं नाही. पण त्या कापडाखाली सतरंजीवर बसलेली पोरंटोरं आणि म्हाताऱ्या तिने पाहिल्या होत्या. त्या दिवसापासून तिला खांब हलवून बघायची सवय लागली. आम्ही सगळे तिच्या त्या सवयीला हसायचो, मीही हसायचो.

त्याच वर्षी पावसाळ्यात, धंदे बंद असताना, तिने दोन्ही तालुक्यांतल्या मंडपवाल्यांना गोदामात जेवायला बोलावलं. आचारीकाकांचं मटण म्हटल्यावर सगळे हजर. जेवता जेवता तिने विषय काढला की आता सगळ्यांनी एकच माप धरायचं. झालं! प्रत्येकाला ते पटलं, फक्त ते एक माप आपलंच असावं एवढीच प्रत्येकाची अट होती. खालापूरचे बाबूशेठ तर रस्सा वाटीत तसाच ठेवून उठायला निघाले. मावशी म्हणाली, "माजंच घ्या असं मी म्हनत नाय. कुनाचं बी घ्या, पन एक घ्या." मटण संपलं तरी एकमत होईना.

पण बाईने तयारी केलेली होती. सगळे निघाले तेव्हा प्रत्येकाच्या टेंपोत तिने आपल्या मापाचे चार खांब आणि चार आडवे पाईप टाकून दिले. "वापरून बगा. नाय पटलं तर परत आनून द्या," म्हणाली. परत कुणी आणलं नाही. ऐन लग्नसराईत जे हाताशी तयार असतं ते वापरलं जातं, आणि पुढच्या वेळी त्याच्याशी जुळेल असंच दुसरं करून घ्यावं लागतं. भांडणात कुणाचंच माप जिंकलं नव्हतं, आणि तरी दोन सीझनमध्ये मावशीचं माप सगळीकडे झालं.

ते माप अगदी साधं होतं. खांबाच्या डोक्यावर एक चौकोनी लोखंडी प्लेट. तिच्या चार बाजूंना चार होल. आडव्या पाईपच्या टोकाला खाली वळवलेली खुंटी, ती त्या होलात सोडली की काम झालं. काथ्या नको, पाना नको. आणि प्लेटच्या बरोबर मध्यभागी, खांबाच्या पोकळीवर, एक पाचवा होल. तो रिकामा. त्यात काहीच बसत नव्हतं.

"मावशे, ह्यात काय उदबत्ती लावायची?" बाबूशेठने विचारलं होतं.

"नाय. रिकामा ठेवायचा."

"मग पाडलास कशाला?"

"अजून ठाव नाय."

बाबूशेठ त्या उत्तरावर वर्षभर हसले. कुणाचंही काम अडलं की म्हणायचे, "मावशीच्या पाचव्या होलात घाल."

लोकांना रिकामी जागा बघवत नाही हे मला तिथे कळलं. कुणी त्या होलात झेंडा लावू लागलं, कुणी प्लास्टिकची फुलं. एका लग्नात नवरीच्या बापाने हौसेने प्रत्येक खांबाच्या डोक्यात मोरपिसांचा तुरा खोचायला लावला. मावशी आली, खांब हलवायला वर बघितलं आणि तिथल्या तिथे शिडी मागवली. एकूण एक तुरे उपसून काढले आणि नवरीच्या बापाच्या हातात तो पिसांचा भारा दिला. तो बिचारा भारा धरून वऱ्हाडाचं स्वागत करत राहिला. मी तिला म्हटलं, "मावशे, काय बिघडलं असतं गं? चार पिसं तर आहेत."

"आज पिसं खोचली," ती म्हणाली, "उद्या समदे खोचतील. परवा कुनीतरी येऊन म्हनंल, पिसांसाठी होल जरा मोटा करा. मग ती जागा पिसांची झाली रं. पुढं खरं काम निघालं तर ठेवशील कुठं?"

तिच्याकडे सुधारणा घेऊन येणाऱ्यांची कमी नव्हती. कुणी म्हणायचं, पाईपला पंख्यासाठी हूक लावू. कुणी म्हणायचं, वायर जायला पन्हाळी ठेवू. मावशी चहा पाजायची, सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आज नको. घालायचं काय, कवापन घालता येतं. एकदा घातलं की काढता येत नाय." माणूस नाराज होऊन जायचा. दोन वर्षांनी त्याचा तो हूक त्यालाच नको असायचा, पण नको म्हटल्याबद्दल तिचे आभार मानायला कुणी आलेलं मला आठवत नाही.

आता तिची चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मावशी पुरी होत नाही आणि ती लपवलेली तिला खपली नसती. आडव्या पाईपची लांबी साडेअकरा फूट. साडेअकराच का? ह्याचं उत्तर द्यायला लोक मोठी शास्त्रं सांगतात. कुणी म्हणतं वाऱ्याचा हिशोब आहे, कुणी म्हणतं वास्तूचा. खरं उत्तर असं की तिच्या पहिल्या टेंपोच्या हौद्यात, मागचा फाळका लावून, तेवढाच पाईप मावत होता. बस्स. तो टेंपो कधीच भंगारात गेला. पण दोन तालुक्यांतली लग्नं अजून त्याच्या हौद्याच्या मापाने लागतात.

छताचं कापड बाजारात बारा फुटांच्या हिशोबाने यायचं. त्यामुळे प्रत्येक चौकटीत अर्धा फूट कापड जास्तीचं उरायचं आणि पोटासारखं खाली लोंबायचं. मावशी पंगतीला बसली की वर बोट दाखवून मला सांगायची, "ती बग, माजी चूक लोंबतेय." आणि खळखळून हसायची. एकदा मी विचारलं, तेव्हाच का नाही बदललंस? तिचं हसू जरा कमी झालं.

"तवा मोजके पाच-सात जन होतो. एका दिवसात बदललं असतं. मी म्हनले, ह्या सीझनला काम लई हाय, पुढच्या सीझनला बगू. पुढच्या सीझनला दुप्पट झालो. मग तर कर्जतच्या शिंप्यानं कापडच साडेअकराचं शिवायला घेतलं, साजगावच्या वेल्डरनं तसंच कापून ठेवाय घेतलं. आता ती चूक माजी एकटीची ऱ्हायली नाय. तिच्यावर धा जनांची चूल पेटते." मग ती म्हणाली, "चूक कवळी असतानाच खुडायची असती रं ड्यूटीवाल्या. भेंडीवानी. एकदा जून झाली की शिजत नाय."

मी कितीतरी शिकलेल्या माणसांना पुढे हे वाक्य ऐकवलं आहे. माझ्या नावावर ऐकवलं आहे, हे ती वरून बघत असेलच.

बाबूशेठची गोष्ट राहिली. एका वर्षी त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी नवे खांब करून घेतले आणि होल केसभर बारीक ठेवले, शिवाय आपल्या पाईपच्या खुंट्याही तेवढ्याच बारीक घेतल्या. म्हणजे त्यांचे पाईप आमच्या सगळ्यांच्या खांबात आरामात बसणार, पण आमचे त्यांच्यात नाहीत. मागायला जायचं आणि द्यायची वेळ आली की 'बसत नाय ना रं' म्हणायचं, असा तो हिशोब. मावशीला कळलं. ती आपल्या कामाला लागली. पुढच्याच वैशाखात बाबूशेठच्या स्वतःच्या पुतणीचं लग्न निघालं, माणसं वाढली, मांडव कमी पडला. आम्ही सगळ्यांनी आपणहून पाईप नेऊन दिले. एकही बसेना. बाबूशेठ घामाघूम, वऱ्हाड अर्ध्या वाटेवर.

तेवढ्यात मावशी टेंपोतून उतरली. हातात ड्रिल मशीन. एक पालथं घमेलं घेतलं, त्यावर बसली आणि एकेक खांब आडवा करून होल मोठे करत सुटली. लोखंडाचा कीस पातळावर उडत होता. शेवटचा खांब उभा राहिला तसा तिने तो हलवून बघितला आणि बाबूशेठला म्हणाली, "आता जेवाय वाडा. आन् पैल्या पंगतीला बशीन मी." बाबूशेठने स्वतः तिच्या पानात जिलेबी वाढली. त्यानंतर मापाशी खेळायची हिंमत कुणाला झाली नाही.

झाली ती तिच्या पोटच्या पोरालाच.

निलेश तिचा एकुलता एक. हुशार, गोड बोलणारा. कर्जतला आता मुंबईकरांची लग्नं होऊ लागली होती, नदीकाठच्या रिसॉर्टांवर, आणि त्यांना लोंबतं कापड नको होतं. त्यांना हवे होते अॅल्युमिनियमचे चकचकीत ट्रस, म्हणजे जाळीच्या जाड तुळया. त्यांचं माप मुंबईचं. निलेशने ठरवलं की जुने खांब भंगारात काढायचे आणि सगळं नवं आणायचं. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. नवी कामं त्याला दिसत होती, आम्हाला ती दिसत नव्हती.

पण दोन तालुक्यांतलं सगळ्यात मोठं गोदाम मावशीचं. आम्ही लहान माणसं स्वतःच्या दोन चौकटींवर मोठं काम घ्यायचो ते तिच्या गोदामाच्या भरवशावर. तिचे खांब भंगारात गेले असते तर मोठी लग्नं फक्त निलेशची, आणि आम्ही परत बारशांवर. मी तर नुकतीच नोकरी सोडली होती, घरात दोन मुलं शिकत होती. रात्रीची झोप उडाली होती माझी. आम्ही सगळे मावशीकडे गेलो. तेव्हा तिचे गुडघे गेले होते, गोदामाच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ती सगळं बघायची.

आम्हाला वाटलं ती पोराला दटावेल. ती म्हणाली, "आनू दे की नवं. नवं नाय आनलं तर ह्या धंद्यात तुमी पन ऱ्हानार नाय." आमचे चेहरे पडले. मग ती शेजारी उभ्या असलेल्या निलेशकडे वळली. "आन तू. पन आपल्या खांबात बसंल असं आन."

"आये, मापच येगळं हाय त्याचं. नाय जमायचं," निलेश वैतागून म्हणाला.

"लांबी येगळी असूं दे. माजी लांबी तशी पन चुकलेलीच हाय. ट्रस वरून खांबावर टेकंल का नाय?"

"टेकंल. पन धरनार कशात? चारी होलांत पाईप हायत तुजे."

मावशी नुसती गोदामाच्या दारात उभ्या केलेल्या खांबाच्या डोक्याकडे बघत राहिली. निलेशने तिच्या नजरेबरोबर वर बघितलं. मग आम्ही सगळ्यांनी बघितलं. बाबूशेठ, ज्यांनी त्या होलावर एवढे विनोद केले होते, तेच पहिल्यांदा बोलले. "अरं तिच्या! रिकामा हाय की रं!"

निलेश शिडी लावून वर चढला. बोट घालून बघितलं, टेप लावला, खाली उतरला आणि मोटरसायकल काढून साजगावला गेला. आठवड्याभरात त्याने जोडतुकडा करून आणला. वर ट्रसला धरणारा कान, खाली लांब खुंटी, ती पाचव्या होलातून थेट खांबाच्या पोकळीत उतरणारी. पहिलं रिसॉर्टचं लग्न त्याने तसंच केलं. पुढे चकचकीत ट्रसची कमान, मागे जेवणाचा मांडव आमच्या खांबांचा, आणि दोन्ही एकमेकांना घट्ट धरून. त्यात माझे खांब होते. मावशीला खुर्चीसकट टेंपोत घालून आणलं होतं. तिने जोडाचा खांब हलवला. मग पुन्हा एकदा हलवला. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "वारा लई हाय हितं."

पानही हलत नव्हतं.

परतताना मी तिला विचारलं, "मावशे, खरं सांग. तुला आधीपासून माहीत होतं ना?"

"छ्या! मला काय ठाव? ठाव असतं तर तवाच वापरला नसता व्हय? ती लांबी बग. तितं मला वाटलं, मला समदं कळलंय, आन् चुकले. ह्या होलाच्या येळंला वाटलं, आपल्याला काय बी कळत नाय." ती स्वतःशीच हसली. "तेवडंच बरोबर निघालं."

मावशी गेली ती ऐन लग्नसराईत. आदल्या आठवड्यात मी भेटायला गेलो होतो. बोलणं क्षीण झालेलं, पण डोकं गोदामातच. निलेश नव्या खांबांची ऑर्डर देणार आहे हे तिला कळलं होतं. मला जवळ बोलावून म्हणाली, "ती जागा भरली रं आता. नवीन खांब काढाल तर दुसरी ठेवा. निलेशला सांग. तो इसरंल." मी म्हटलं, सांगतो.

तेराव्याला सगळ्यांचं सामान लग्नांमध्ये अडकलेलं होतं. कुणाकडे दोन खांब शिल्लक, कुणाकडे चार पाईप. तरी सकाळी प्रत्येकजण उरलंसुरलं घेऊन दहिवलीला आला. खालापूरहून बाबूशेठ आले. कुणी माप विचारलं नाही, कुणी काही मोजलं नाही. ज्याच्या हाती जे आलं ते त्याने ज्याच्या त्याच्या खांबात सोडलं, आणि चहा यायच्या आत तिच्या दारात मांडव उभा राहिला. कुणीतरी घाईत जुनं बारा फुटी कापड आणलं होतं. ते प्रत्येक चौकटीत अर्धा फूट लोंबत होतं. आचारीकाका त्याकडे बघून हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. निलेश कोपऱ्यातल्या खांबाशी गेला आणि त्याला दोन्ही हातांनी धरून त्याने गदागदा हलवलं. त्या मांडवाला सगळ्यांत आधी तिने हलवून बघायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

महिन्याभराने निलेश आणि मी साजगावला वेल्डरकडे गेलो. नव्या खांबांच्या प्लेटा कापायच्या होत्या. निलेश खडूने खुणा करत होता. चार बाजूंना चार, मध्ये ट्रसचा पाचवा. मी मावशीचा निरोप सांगायला तोंड उघडणार, तोच त्याने प्लेटच्या एका कोपऱ्यात अजून एक गोल काढला. तो विसरला नव्हता. मावशीचा तेवढा अंदाज चुकला, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

वेल्डरने चष्मा कपाळावर सरकवला. "सहावा कशाला, निलेशशेठ? ह्यात काय बसवायचं?"

निलेशने माझ्याकडे बघितलं.

"अजून ठाव नाय," तो म्हणाला. "पाड तू."